दोनशे तेरा नंबरचं पाकीट

डिंकताईचं खरं नाव हजेरीपटावर आहे, पण ते वाचायची वेळ फक्त हजेरी तपासणाऱ्या कारकुनावर येते. बाकी सगळ्या हर्बेरियमला ती डिंकताईच. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांचं कोठार. रानातून आणलेली झाडं दाबून वाळवायची, जाड पांढऱ्या कागदावर डिंकानं चिकटवायची, दांडगे देठ दोऱ्यानं टाचायचे, गळून पडलेली फुलं आणि बिया छोट्या कागदी पाकिटात घालून ते पाकीट त्याच कागदाच्या कोपऱ्यात डकवायचं. हे काम ती बावीस वर्षं तळमजल्यावरच्या खिडकीपाशी बसून करत होती.

झाडं ओळखणारे लोक वरच्या मजल्यावर बसतात आणि शास्त्रज्ञ म्हणवतात. पण बावीस वर्षं झाडांच्या तोंडाकडे बघत बसलेल्या बाईला झाडं कळायला लागतात, कुणी शिकवो न शिकवो. वरचे अडले की जिना उतरून खाली यायचे, हवापाण्याच्या चार गप्पा मारायचे आणि निघता निघता सहज आठवल्यासारखं विचारायचे, "डिंकताई, हे बघा जरा, तुम्हाला काय वाटतं?" तिला जे वाटायचं ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं. मग ते वर जाऊन स्वतःच्या सहीची चिठ्ठी लावायचे.

चिठ्ठीचा तिथला नियम मोठा कडक. झाडाचं नाव चुकलंय असं कुणाला वाटलं तरी जुनी चिठ्ठी फाडायची नाही, खोडायचीही नाही. शेजारी आपली नवी चिकटवायची: नाव, सही, तारीख. काही कागदांवर पाच-पाच चिठ्ठ्या आहेत. विद्वानांची भांडणं वाचावीत ती तिथे.

यंदा नव्या प्रमुख मॅडमनी फर्मान काढलं की प्रत्येक नमुन्याचा फोटो घ्यायचा, आणि पाकीट उघडून आतल्या मालाचाही. हजारो पाकिटं कोण उघडणार म्हणून वरचे कुरकुरले. कोण म्हणजे काय, डिंकताई.

त्या सोमवारी सकाळी दोनशे तेरा नंबरचा कागद तिच्या पुढ्यात आला. झाड होतं थोरली.

थोरली आणि धाकटी या दोन रानझाडांची शास्त्रीय नावं हातभर लांब आहेत, म्हणून तिथे सगळे त्यांना असंच म्हणतात. दोघी गुडघाभर उंच, पानं तीच, फुलांचा जांभळट रंग तोच. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. थोरली कुठल्याही उतारावर, कुंपणाकडेला माजलेली असते आणि तिला कुणी हिंग लावून विचारत नाही. धाकटी मात्र साठ वर्षांत कुणाला दिसलेली नाही. ओळखायची खूण एकच. फूल उभं कापून भिंगाखाली धरलं, तर थोरलीच्या पुंकेसरांना बुडाशी बारीक लव असते आणि धाकटीचे पुंकेसर गुळगुळीत.

दोनशे तेराच्या कागदावर एकच चिठ्ठी होती. थोरलीला थोरली म्हणण्यात कुणाला शहाणपण मिरवता येत नाही, त्यामुळे बावीस वर्षांत तो कागद कुणी बाहेर काढला नव्हता. डिंकताईनं चिमट्यानं पाकिटाची घडी उलगडली. आत तीन फुलं होती, ब्लेडनं मधोमध उभी कापलेली. सहा अर्धुकं, आणि एक मिटलेली कळी.

तिला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. तिनं चिमटा खाली ठेवला. ही फुलं कुठली आहेत हे साऱ्या जगात दोन माणसांना सांगता आलं असतं. एक ती, दुसरा तिचा थोरला भाऊ.

बावीस वर्षांपूर्वी दादा याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसायचा. एका डोंगरउतारावर त्याला धाकटी सापडली. निदान त्यानं तसं जाहीर केलं, सविस्तर लिहिलं: तीन फुलं ब्लेडनं उभी कापून पाहिली, पुंकेसर गुळगुळीत. तो नमुना दोनशे बारा नंबरचा. ताडून बघायला त्याच दिवशी उताराच्या पायथ्याची साधी थोरलीही आणली होती, ती दोनशे तेरा. वर्तमानपत्रात फोटो आला, उताराला कुंपण घालायची बोलणी सुरू झाली. मग शहानिशा करायला समिती आली. समितीनं डोंगर पालथा घातला तर जिकडेतिकडे थोरली. परत येऊन दोनशे बाराचं पाकीट उघडलं, तर आत चार अख्खी फुलं. एकही कापलेलं नाही, आणि कापल्यावर प्रत्येकाला लव.

"तुम्ही कापलेली फुलं कुठे आहेत?" समितीनं विचारलं.

"यातच होती," दादा म्हणाला. "कुणीतरी बदललीत."

तेव्हा त्यांनी डिंकताईला बोलावलं. तिला कामावर लागून जेमतेम तीन महिने झाले होते. दादानंच चिकटवलं होतं तिला, यावरून तिच्या नावाइतकेच विनोद व्हायचे. तुमच्याकडे जी फुलं आली तीच या पाकिटात घातलीत का, असं त्यांनी विचारलं. तिनं छातीठोकपणे सांगितलं, "हो. जशी आली तशीच घातली." तिला वाटलं आपण दादाची बाजू लावून धरतोय. त्या एका उत्तरानं दादाचा निकाल लागला. समितीनं दोनशे बारावर चिठ्ठी चिकटवली: 'थोरली. वर्णनातली फुलं नमुन्यात नाहीत. वर्णन रचलेलं आहे.'

रचलेलं. त्या शब्दानं दादानं राजीनामा दिला, चष्म्याचं दुकान टाकलं आणि पुन्हा कधी झाडाकडे मान वर करून पाहिलं नाही. फुलं बदलल्याचा संशय त्यानं शेजारच्या टेबलावरच्या मित्रावर घेतला. कॉलेजपासूनची दोस्ती होती. मित्र शपथा घेत राहिला आणि दादा दार लावत राहिला. चार वर्षांपूर्वी तो मित्र वारला तेव्हाही दादा गेला नाही.

आणि फुलं इथे होती. शेजारच्याच पाकिटात. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. ती इथे कुणी आणली हे शोधायलाही नको होतं. त्या पहिल्या वर्षी ती पाकिटं भरून आधी डकवायची आणि नंबर मागाहून घालायची, कारण ओली शाई फासायची. एकाच उतारावरचे, एकाच दिवशीचे, एकसारखे दिसणारे दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी, डिंकावर साय धरत आलेली, आणि हाताला नसती घाई. नंबर आधी, पाकीट नंतर, हा धडा तिला पुढे सहा महिन्यांनी मिळाला. तोवर तिनं आपल्या सख्ख्या भावाचा गळा कापला होता आणि तिला पत्ताही नव्हता.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. घडी मिटून कागद कपाटात सरकवला असता तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. त्याहून सोपं म्हणजे दोन्ही पाकिटं गुपचूप जागच्या जागी लावून टाकायची. मग मॅडमना दोनशे बारात आपोआप कापलेली फुलं दिसली असती, दादा सुटला असता आणि ही नामानिराळी. खोटं कशाला सांगा, त्या विचारानं तिला क्षणभर फार बरं वाटलं. तिनं सुरीचं पातं पाकिटाच्या कडेखाली घातलंसुद्धा. पण असं केलं तर फुलं खरोखरच कुणीतरी बदललेली ठरणार होती, आणि तेही आजच. तिनं पातं काढून घेतलं. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ती दादाच्या दुकानात गेली.

दादा एका फ्रेमचा बारीक स्क्रू पिळत होता. तिनं उभ्या उभ्याच सांगितलं, मधे थांबली असती तर तिला पुढे बोलताच आलं नसतं.

"तीन?" दादानं विचारलं.

"तीन. ब्लेडनं उभी कापलेली. आणि एक कळी."

"दोनशे तेरात."

"हो. माझ्या हातानं झालंय, दादा. दुसऱ्या कुणाच्या नाही."

स्क्रू काउंटरवरून घरंगळत खाली पडला. दादानं तो उचलला नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. ती शिव्यांची वाट बघत होती, हात उगारला असता तरी तिला चाललं असतं.

"म्हणजे त्यानं नव्हतं केलं," दादा म्हणाला.

मित्राबद्दल बोलतोय हे कळायला तिला वेळ लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि फाशी देणारा समोर बसून स्वतःच्या हातांकडे बघत होता.

"शेवटच्या आजारपणात त्यानं दोनदा निरोप धाडला होता मला," तो म्हणाला. "तू जा आता, चिमे. मला जरा एकटं बसू दे."

एक गिऱ्हाईक दारात चष्मा मागत उभं होतं. दादानं त्याच्या हातात दुसऱ्याच कुणाचातरी चष्मा ठेवला.

दोन दिवस तो घरात कुणाशी बोलला नाही. डिंकताई त्यांच्याकडेच मागच्या खोलीत राहायची. वहिनीनं तिला खुणेनं विचारलं, काय बिनसलंय? तिनं नुसता हात हलवला. तिसऱ्या दिवशी सकाळी दादा इस्त्रीचा शर्ट घालून उंबऱ्यात उभा.

"तुझ्या मॅडमना विचारशील? मला एकदा बघू देतील का म्हणावं."

मॅडमना डिंकताईनं आदल्या दिवशीच सगळं सांगून टाकलं होतं. त्या स्वतः फाटकापर्यंत आल्या. फाटकावरचा पहारेकरी नवा, त्यानं दादाला पाहुण्यांच्या वहीत नाव लिहायला लावलं. मॅडम वरमल्या.

"सर, एक आधीच सांगते," जिन्यात त्या म्हणाल्या. "आम्ही शिकायला होतो ना, तेव्हा तुमची गोष्ट आम्हाला वर्गात सांगायचे. असं करू नका म्हणून."

दादा पायरीवर थबकला. डिंकताईनं त्याचा दंड धरला. आपली गोष्ट धड्यासारखी पोरांना शिकवली जाते, हे त्याच्या कानावर कधी आलं नव्हतं. तिच्याही नाही.

वर दोन्ही कागद टेबलावर मांडून ठेवले होते. मॅडमनी सहाही अर्धुकं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. गुळगुळीत. "हातच्या काकणाला आरसा कशाला?" असं म्हणत त्यांनी कोरी चिठ्ठी पुढे ओढली आणि पेनाचं टोपण काढलं. 'धाकटी. मूळ ओळख बरोबर,' एवढंच लिहायचं होतं. डिंकताईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. एवढ्या वर्षांनी का होईना, आपल्या हातून गेलेलं आपल्याच हातानं परत मिळतंय असं तिला वाटलं.

"थांबा," दादा म्हणाला. "ही कळी पाहिलीत?"

"कळी कशाला, सर? तीन फुलं आहेत की."

"तेव्हा मी ती कापली नव्हती. एवढी एकच होती, म्हणून राखून ठेवली. धाकटीची कळीसुद्धा आतून गुळगुळीत असते, साठ वर्षांपूर्वीच्या चित्रात दाखवलंय. एकदा बघून घेऊ, मग लिहा."

मॅडमनी परवानगी दिली. वाळकं फूल मऊ करायला गरम पाणी लागतं. काचेच्या वाटीत कळी टाकली, ती हळूहळू फुगली, जांभळटपणा थोडा परत आला. दादानं ब्लेड घेतलं.  एकाच चिरेत कळी उभी दुभागली. त्यानं सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले.

तो बघत राहिला. मिनिट झालं, दोन झाली. त्यानं चाक फिरवलं, उजेड बदलला, सुईनं काहीतरी बाजूला केलं, परत पाहिलं. मग सहा अर्धुकांतलं एक त्याखाली सरकवलं आणि तेही तितकाच वेळ पाहिलं. मॅडमच्या हातातल्या पेनाची शाई वाळली. डिंकताईला त्याची फक्त मान दिसत होती.

भिंगाखाली काय आहे ते त्या घडीला एकट्या त्यालाच ठाऊक होतं. कळी चुरगळली म्हणाला असता तरी कुणी हरकत घेतली नसती. बावीस वर्षांनी हातातोंडाशी आलेला घास होता.

"थोरली," दादा म्हणाला.

"काय?" मॅडमनी विचारलं.

"थोरली आहे हो. बघा."

मॅडमनी पाहिलं. कळीतल्या प्रत्येक पुंकेसराच्या बुडाशी लव होती, दाट, पांढरी. मग त्यांनी कापलेलं अर्धुक मोठं करून पाहिलं. गुळगुळीत भागावर बारीक टिंबांची रांग होती. लव झडल्याच्या खुणा.

"शिळी फुलं," दादा म्हणाला. "मी उशिरा गेलो होतो. हंगाम सरत आला होता. फूल शिळं झालं की लव झडत असणार, आणि मी आपला गुळगुळीत दिसल्याबरोबर नाचत सुटलो. कळी फोडून बघावी एवढी अक्कल झाली नाही. साधा विद्यार्थी करेल अशी चूक."

"दादा," डिंकताई म्हणाली. तिनं हे पाकीट उघडलंच नसतं तर बरं झालं असतं. इतकी वर्षं त्या माणसाजवळ एकच गोष्ट शिल्लक होती, की आपण बरोबर होतो आणि जग आंधळं आहे. ती शेवटची गोष्टही तिनं त्याच्याकडून काढून घेतली होती.

दादानं चष्मा पुसला. "त्या वर्षी मला इथे राहू दिलं असतं ना," तो म्हणाला, "तर पुढच्या हंगामात कळ्यांच्या दिवसांत मी तिथे गेलोच असतो. आणि ही चूक मीच काढली असती. मीच."

 डिंकताई भिंतीकडे तोंड करून रडली. ते वाक्य त्यानं तिला उद्देशून म्हटलं नव्हतं, म्हणून ते जास्तच लागलं.

"आता काय लिहायचं, सर?" मॅडमनी हळूच विचारलं. "समितीनं लिहिलेलं नाव तर तेच राहतंय."

"नाव तेच राहू दे. त्याखालचं वाक्य बिनउत्तराचं राहता कामा नये."

त्यानं चिठ्ठी आपल्याकडे ओढली आणि लिहिलं: 'थोरली. शिळ्या फुलांवरून मी चुकीची ओळख केली. वर्णनातली तीन फुलं दोनशे तेराच्या पाकिटात सापडली.' खाली सही आणि तारीख. मग डिंकताईनं नाक पुसून दुसरी चिठ्ठी मागितली: 'दोनशे बारा आणि दोनशे तेरा यांची पाकिटं चिकटवताना माझ्याकडून अदलाबदल झाली.' खाली तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं. मॅडमनी ते दोनदा वाचलं, त्यांना ते माहीतच नव्हतं.

दोघं भावंडं पायी घरी आली.  मित्राची बायको अजून त्याच घरात राहते का, असं दादानं वाटेत विचारलं. राहते, डिंकताई म्हणाली. उद्या जाऊन येतो, तो म्हणाला.

वहिनी स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. नवऱ्याचे पडलेले खांदे पाहून ती म्हणाली, "कुठे गेला होतात दोघं? झालंय तरी काय? मला कुणी माणसात धरणार आहे की नाही?"

या बाईनं नवऱ्यासाठी कमी भांडणं केली नव्हती. भावांशी अबोला धरला, शेजारणींना दारातून परत पाठवलं, एका लग्नात भर पंगतीतून उठून आली. माझा नवरा खोटं बोलणार नाही, हे तिनं चारचौघांत इतक्यांदा बजावलं होतं की पुढे पुढे त्या घरासमोर ते शब्द काढायची कुणाची टाप नव्हती.

"मी चुकलो होतो," दादानं स्टुलावर बसत सांगितलं. "ते झाड थोरलीच निघालं. मला ओळखता आलं नाही. फुलं मात्र सापडली, शेजारच्या पाकिटात होती."

वहिनीची सुरी थांबली.

"सापडली?"

"तीनही."

"म्हणजे फुलं खरंच होती?"

डिंकताईच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिनं वहिनीकडे पाहिलं. दादाला अजून उमगलं नव्हतं.

"होती म्हणजे? मी सांगत नव्हतो का इतकी वर्षं?"

"तुम्ही चुकलात," वहिनी म्हणाली. "नुसते चुकलात." आणि सुरी खाली ठेवून ती ओक्साबोक्शी रडायला लागली. कांद्याचं नव्हतं ते रडणं.

आता दादाला उमगलं. समितीची चिठ्ठी वाचताना, किंवा आज कळी फोडताना दिसला नसेल असा चेहरा झाला त्याचा. "तुला काय वाटत होतं?" त्यानं विचारलं. "अगं, बोल ना. तुला काय वाटत होतं?"

"मला काय कळतं झाडांतलं?" वहिनी पदरानं तोंड पुसत म्हणाली. "एवढी शिकलेली माणसं, सह्या करून लिहून गेली. मला वाटलं, पडला असेल माणूस मोहात. पेपरात फोटो आला होता, हुरळून गेला असेल."

"पण तू तर सगळ्यांशी भांडलीस."

"भांडणारच. ते बाहेरचे होते."

"आणि मला एकदाही विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं आणि तुम्ही हो म्हणाला असतात, तर मी काय करणार होते?"

 बावीस वर्षं दादा ज्या एका घरात बिनधास्त पाठ टेकून बसला होता, तिथेही तो खोटाच होता, आणि तरी कुणी त्याला ऊठ म्हटलं नव्हतं. स्टुलावरून उतरून तो बायकोजवळ खाली जमिनीवर बसला. डिंकताईनं गॅस बारीक केला आणि दार ओढून घेऊन ती आपल्या खोलीत गेली.